मोरीत न ओतलेलं पाणी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "मॅडम, एवढी वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलंत. चांगलं जगायचं कसं, हे आजकालच्या तत्त्वज्ञांना सांगता येतं का हो?" गोदाघाटावर संध्याकाळी फिरताना कुणी ना कुणी हे विचारतंच.

येतं, असं मी म्हणते. सगळ्यांना नाही. विसाव्या शतकातल्या इंग्रजी नीतिशास्त्राचा बराच काळ 'चांगलं' या शब्दाचा कीस पाडण्यातच गेला. त्यातून घरी न्यावं असं फारसं हाती लागत नाही. पण आयरिस मर्डॉक यांनी ऑक्सफर्डला अनेक वर्षं शिकवलं, आणि १९७० साली 'द सॉव्हरन्टी ऑफ गुड' हे छोटं पुस्तक काढलं. त्यात उदाहरण आहे चक्क सासू-सुनेचं. सासूला सून उथळ, गोंगाटी वाटते. वागण्यात मात्र ती तसं जराही दाखवत नाही. मग एकदा ती स्वतःशीच म्हणते, माझंच मन कोतं असेल, पुन्हा नीट बघू. बघता बघता तीच सून मोकळी, आनंदी दिसू लागते. बाहेर काही घडलेलं नाही, तरी सासूने फार मोठं काम केलंय, असं मर्डॉक मानतात.

आमच्या घरी सून मी होते. सासूबाई सिन्नरकडच्या. पाहुण्यांनी अर्धा ठेवलेला पेला त्या मोरीत ओतू देत नसत. पेला तिरपा धरून पाणी तांब्यात घ्यायच्या, काठावरचा शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायच्या, मग तांब्या तुळशीपाशी न्यायच्या. गंगापूर धरणाचं पाणी घरात नळाला येत असताना हे कशाला? मी मनात 'चिकटपणा' म्हणायची. तोंडाने कधी बोलले नाही. माझ्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मर्डॉक शिकवायला घेतल्या त्या वर्षी एकदा स्वयंपाकघराच्या दारात थांबून मी ते बघत राहिले. नवीन काही कळलं नव्हतं. १९७२चा दुष्काळ, त्यात खडी फोडायला गेलेली नवी नवरी, सगळं शंभरदा ऐकलेलं होतं. त्या दिवशी फक्त पेला धरलेला हात दिसला. झोपलेल्या लेकराची मान सावरावी तसा धरला होता. चिकट माणूस वस्तू अशी धरत नाही.

भांडण मिटलं वगैरे काही नाही, भांडण नव्हतंच. पण मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटू लागलं. दुपारी त्या गवार मोडायला घेत, तेव्हा मीही ताटली घेऊन खाली बसे. पुढची नऊ वर्षं.