हँग ग्लायडिंग थांबवताना: ‘हळूहळू कमी करा’ या सल्ल्याविरुद्ध

या हंगामाच्या अखेरीस मी हँग ग्लायडिंगमधून, म्हणजे कापडी पंखाखाली लटकून इंजिनाविना उडण्याच्या खेळातून, निवृत्त झालो. सत्तरी ओलांडून बराच काळ लोटला होता, त्यामुळे ही बातमी ऐकून कोणाला धक्का बसला नाही. घरच्यांना तर ती उशिराच आली असे वाटले. मित्रांनी मात्र एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला, की असा एकदम पूर्णविराम कशाला, हळूहळू कमी करत गेला असतास तर काय बिघडले असते? तोंडी उत्तर दरवेळी अपुरे पडले, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

या खेळात निवृत्तीचे वय ठरवून देणारे बहुधा कोणी नसते. आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानांच्या वैमानिकांसाठी ६५ वर्षांची मर्यादा आहे आणि त्याआधीही ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणीला सामोरे जावे लागते. आमच्याकडे तसे काही नाही. अमेरिकेत १९८२ साली लागू झालेल्या ‘पार्ट १०३’ या नियमावलीनुसार हँग ग्लायडरच्या पायलटला सरकारी परवाना लागत नाही आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही लागत नाही. इतरही अनेक ठिकाणी थोड्याफार फरकाने अशीच मोकळीक आहे. ही मोकळीक मला आयुष्यभर प्रिय होती आणि आजही आहे, परंतु तिचा अर्थ असा की परीक्षा देणारा आणि परीक्षक हे दोघेही एकच असतात, आणि असा परीक्षक वयाबरोबर अधिकाधिक दयाळू होत जातो.

अडचण अशी की हवेत असताना वय जाणवत नाही. हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला पेलणाऱ्या झोळीत, पोटावर आडवे झाले, पाय मागे आत घेतले आणि कॅराबिनर या धातूच्या कडीने आपले सारे वजन ग्लायडरच्या गुरुत्वमध्याजवळ टांगले गेले, की शरीराला फारसे कष्ट उरत नाहीत. कंट्रोल बार, म्हणजे समोरच्या त्रिकोणी चौकटीची आडवी नळी, पोटाकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो, आणि शरीर डावीकडे सरकवले की ग्लायडर डावीकडे वळते. थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभात, शिरताना प्रथम पंखाचे एक टोक किंचित उचलले जाते, बारवरचा दाब बदलतो, आणि चढ-उतार आवाजाने सांगणाऱ्या व्हॅरिओमीटरचा सूर चढण्याच्या आधीच हाताला कळते की वर चढणारी हवा कोणत्या बाजूला आहे. ही जाण वयानुसार कमी होत नाही, मुरत जाते. ढगांच्या तळाचा रंग, वाळलेल्या शेतावरून उठणारी धूळ, दूरवर गोल फिरणारे शिकारी पक्षी यांचे अर्थ मला तिशीत जितके लागत त्याहून साठीत कितीतरी अधिक लागत असत. लांब पल्ल्याच्या उड्डाणात अंग अवघडते हे खरे. २०१२ साली टेक्सासमधील झपाटा येथून डस्टिन मार्टिन याने ७६४ किलोमीटरचे विक्रमी अंतर कापले तेव्हा तो दिवसभर हवेत होता, आणि ते येरागबाळ्याचे काम नव्हे. परंतु तासा-दोन तासांच्या साध्या उड्डाणात म्हातारा पायलट तरुणाला सहज मागे टाकू शकतो. म्हणूनच आपल्यात अजून दम आहे याचा पुरावा हवेत भरपूर मिळतो. तो खोटा नसतो, पण चुकीच्या ठिकाणचा असतो.

खरी साक्ष जमीन देते. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने १८९० च्या दशकात टेकड्यांवरून सुमारे दोन हजार ग्लाइड केल्या, त्या काखेत आणि कोपरांवर भार घेऊन, पाय मोकळे सोडून. १८९६ मध्ये वाऱ्याच्या झोतात त्याचे यंत्र स्टॉल झाले, म्हणजे पंखाची उचल संपली, आणि तो कोसळला. पुढे अमेरिकी अभियंते फ्रान्सिस रोगालो आणि त्यांची पत्नी गर्ट्रूड यांनी लवचीक पंखाची कल्पना मांडून १९४८ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन डिकेन्सनने अशा पंखाखाली त्रिकोणी चौकट बसवून पायलटला त्यामागे झुलता टांगला. आजच्या हँग ग्लायडरचा सांगाडा तेथून आला. कापड, नळ्या आणि पंखांचा आकार यांत तेव्हापासून प्रचंड सुधारणा झाली. सुरुवातीच्या पंखांना एक मीटर खाली येताना जेमतेम चार मीटर पुढे जाता येई, आता चांगले ग्लायडर पंधराच्या आसपास जाते. एक गोष्ट मात्र लिलिएन्थालपासून आजतागायत तशीच राहिली आहे: या विमानाची चाके म्हणजे पायलटचे पाय. बाकी सारे यंत्र दरवर्षी तपासता येते, झिजलेला भाग बदलता येतो. हा एवढा भाग बदलून मिळत नाही.

ग्लायडरचे वजन तीसएक किलो भरते आणि हार्नेस, राखीव पॅराशूट, हेल्मेट, उपकरणे यांची त्यात भर पडते. ते गाडीच्या टपावरून उतरवणे, जोडणे आणि उतारावर नेणे ही झाली हमाली. ती मदतीला माणसे असली की भागते. पण टेक-ऑफच्या क्षणी पंख स्वतःच्या खांद्यांवर तोलावाच लागतो. नाक किंचित वर गेले तर वारा ते आणखी उचलतो, एका टोकाखाली झोत शिरला तर ते टोक उसळते, आणि या सगळ्याला बारीकसारीक उत्तरे देत योग्य क्षणाची वाट पाहायची असते. माझ्या उजव्या खांद्याचा स्नायू काही वर्षांपूर्वी फाटला आणि भरूनही आला. कामापुरता तो चांगला आहे. तरीही उतारावर पाच मिनिटे पंख तोलून उभे राहिल्यावर मनात असा विचार येऊ लागला की आता वारा कसाही असो, निघून जावे म्हणजे हा भार सुटेल. खांदा दुखणे ही किरकोळ बाब आहे. खांदा दुखतो म्हणून टेक-ऑफचा निर्णय लवकर घेतला जाणे ही किरकोळ बाब नाही.

त्याहून नाजूक प्रकरण उतरण्याचे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझा निर्णय मुख्यतः येथेच झाला. मैदानावर वाऱ्याच्या तोंडी येऊन ग्लायडर जमिनीलगत सरळ केले की दोन्ही हात आडव्या नळीवरून काढून चौकटीच्या उभ्या नळ्यांवर आणायचे असतात. मग पंख जमिनीच्या जवळ तरंगत वेग सोडत जातो. वेग जसजसा घटतो तसतसा हातावरचा दाब हलका होत जातो, आणि तो जवळपास नाहीसा झाला की त्याच क्षणी नळ्या जोराने वर आणि पुढे, हात पूर्ण सरळ होईपर्यंत ढकलायच्या. नाक उभे राहते, अख्खा पंख ब्रेकसारखा वाऱ्याला अडतो आणि पाय अलगद जमिनीवर टेकतात. याला फ्लेअर म्हणतात. तो अर्धा सेकंद आधी झाला तर ग्लायडर पुन्हा वर उसळते आणि उंचीवरून शेपटीवर बसते. अर्धा सेकंद उशिरा झाला तर पंखाचा वेग आधीच संपलेला असतो, आणि पायलटने धावून तो सावरला नाही तर नाक जमिनीवर आपटते. अशा वेळी नळ्या घट्ट धरून ठेवल्यास दंडाचे हाड पिळवटून मोडते, ही या खेळातली जुनी आणि ठरलेली दुखापत आहे.

साधारण ग्लायडर ताशी तीस किलोमीटरच्या आसपास स्टॉल होते. समोरून दहा-पंधराचा वारा असेल तर उरलेल्या वेगाने चार पावले धावणे कोणालाही जमते. वारा पडलेला असेल तर मात्र सारी भिस्त फ्लेअरवर आणि फ्लेअर थोडा हुकलाच तर पायांवर. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीच्या मैदानावर हवा विरळ असल्यामुळे तेच ग्लायडर जमिनीच्या हिशेबाने सात-आठ टक्के अधिक वेगाने उतरते, आणि दुपारच्या उन्हात त्यात आणखी भर पडते. तरुणपणी ही भर पाय मुकाट्याने भरून काढत असत. इतके मुकाट्याने की आपला फ्लेअर उत्तम आहे असा माझा समज होता. पाय मंदावले तेव्हा पायांनी आजवर काय काय झाकले होते ते दिसले. शेवटच्या दोन-तीन हंगामांत पाहणाऱ्यांनी माझ्या लँडिंगला नावे ठेवली नाहीत, परंतु माझे मला कळत होते की मी ज्या परिस्थितीत उतरतो तिची यादी दरवर्षी आखूड होत चालली आहे.

डोळ्यांचे प्रकरणही याच अर्ध्या सेकंदाशी येऊन भिडले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एक डोळा दूरच्या आणि दुसरा जवळच्या नजरेसाठी बसवून घेण्याची सोय असते. त्यामुळे वाचायला चष्मा लागत नाही, पण दोन डोळ्यांच्या चित्रांतला मेळ बिघडून खोलीचा अंदाज काहीसा उणावतो. मी अर्थातच दोन्ही डोळे दूरच्या नजरेचे करून घेतले आणि वाचताना चष्मा लावतो. हृदयाचे ठोके अनियमित झाल्यावर रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू झाली, तेव्हा मात्र अशी काही निवड हातात नव्हती. हेल्मेटवर बसलेला साधा टोला आता साधा राहत नाही, कारण डोक्याच्या आत होणारा रक्तस्राव अशा गोळीमुळे बळावू शकतो. म्हणजे पडण्याची शक्यता वाढत होती, आणि पडल्यावर द्यावी लागणारी किंमतही.

आता मूळ प्रश्न. हळूहळू कमी करणे हा सल्ला चालण्याला किंवा बागकामाला लागू पडतो. हँग ग्लायडिंगला तो लागू पडत नाही, कारण येथे सुरक्षितता ताकदीवर जितकी अवलंबून आहे तितकीच सरावावर आहे. वर्षातून मोजक्याच वेळा उडणारा पायलट कोणत्याही वयाचा असो, तो धोक्यातच असतो: हातावरचा दाब कधी नाहीसा झाला हे त्याला आठवून ओळखावे लागते, आणि आठवायला वेळ नसतो. हार्नेस पंखाला अडकवायचा राहून गेला आणि पायलट तसाच धावत सुटला, असे अपघात या खेळाच्या सुरुवातीपासून होत आले आहेत. म्हणून तर टेक-ऑफपूर्वी सहकाऱ्याने नाक धरायचे आणि पायलटने हार्नेसमध्ये लटकून दाखवायचे, हा शिरस्ता पडला. रोज उडणाऱ्याच्या हाताला ही सवय जडलेली असते, अधूनमधून उडणाऱ्याला ती यादीत लिहून ठेवावी लागते. वय वाढताना उड्डाणे कमी केली म्हणजे ज्या काळात सरावाची सर्वाधिक गरज आहे त्याच काळात तो घटवला. शिवाय आपण स्वतःला मोजतो ते शेवटच्या उड्डाणावरून नव्हे, जुन्या उत्तम दिवसांवरून.

याला पर्याय नाहीत असे नाही. आडव्या नळीला मोठी चाके लावून पोटावरच उतरता येते, आणि छोट्या विमानाच्या मागे दोराने ओढून, चाकांच्या गाड्यावरून टेक-ऑफ करता येतो. मग धावणे दोन्ही टोकांना टळते. मी चाके वापरली आणि ती कापलेल्या गवतावर फार उपकारक ठरतात. पण उंच पिकात, ढेकळांत किंवा चढावर ती कामाची नसतात, म्हणजे अनोळखी शेतात उतरण्याची शक्यता असलेले प्रत्येक उड्डाण बाद झाले. मैदानाभोवती घिरट्या घालून त्याच मैदानावर उतरण्यात ज्यांना समाधान आहे त्यांनी जरूर तसे करावे. माझे काही मित्र करतात आणि नेमाने, दर आठवड्याला करतात, हे महत्त्वाचे. स्वतः रोगालो निवृत्तीनंतर उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ राहायला गेले आणि उतारवयातही तेथील वाळूच्या टेकड्यांवरून उडत असत. समुद्रावरून येणारा एकसारखा वारा, कमी उंची आणि खाली मऊ वाळू, अशी जागा दाराशी असती तर कदाचित मीही हा मजकूर आणखी काही वर्षे लांबवला असता. मला हवे होते ते लांब पल्ल्याचे उडणे, आणि ते अर्धे-मुर्धे करता येत नाही.

पॅराग्लायडिंग का नाही, असेही विचारले गेले. ते वजनाला हलके आहे आणि त्यात उतरणे सोपे आहे, हे मान्य. परंतु त्याचा पंख नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेला नसतो, हवेच्या दाबाने फुगलेला असतो. खवळलेल्या हवेत तो एका बाजूने मिटू शकतो, आणि तो सावरण्याची प्रतिक्षिप्त क्रिया नव्याने शिकावी लागते. जुन्या सवयी चुकीच्या वेळी उफाळून येण्याचा धोका वेगळाच. सत्तरीनंतर नवी प्रतिक्षिप्त क्रिया अंगी बाणवणे मला पटले नाही.

ग्लायडर विकताना मी थोडा हट्टीपणा केला. पहिला ग्राहक उत्साही होता, पैसेही द्यायला तयार होता, पण नवशिका होता, आणि वेगवान पंख नवशिक्याच्या हाती देऊ नये हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्याला मी एकेरी कापडाचा, मंद आणि क्षमाशील पंख शोधायला लावले. दुसरा अनुभवी होता आणि त्याचे वजन ग्लायडरच्या मर्यादेत बसत होते. त्याच्यासमोर शिवणी उलगडून दाखवल्या, कारण उन्हातील अतिनील किरणांनी आधी दोरा आणि मग कापड कमजोर होते. पंखाच्या कापडाला आकार देणाऱ्या वक्र बॅटन एकेक करून कागदावरच्या मूळ आराखड्यावर ठेवून पाहिल्या. तीन किंचित सरळ झाल्या होत्या, त्या गुडघ्यावर दाबून पुन्हा वाकवल्या. बाजूच्या तारा नव्या बसवून दिल्या, जुन्या कापून टाकल्या, म्हणजे कोणी त्या काटकसरीने पुन्हा वापरणार नाही. हार्नेस माझ्या मापाचा शिवलेला असल्याने तो त्याला झाला नाही. राखीव पॅराशूट त्याने घेतले, पण उड्डाणाआधी ते जाणकाराकडून उघडून पुन्हा घडी करून घेण्याच्या अटीवर. हेल्मेट त्याला हवे होते, ते मात्र मी दिले नाही. जुन्या हेल्मेटने किती टोले सोसले आहेत हे बाहेरून कळत नाही.