आमची वाटचाल : कर्लीच्या काठावरची इंजिनाची शेड

देवबाग, तारकर्ली, भोगवे इथल्या बोटवाल्यांना आमची शेड सांगावी लागत नाही. कर्ली खाडीत आज ज्या बोटी पळतात त्यांतल्या बऱ्याच बोटींची इंजिनं कधी ना कधी आमच्या बाकड्यावर उघडून पडलेली आहेत. कोणाची गिअरपेटी कशी वाजते, कोण बिनतेलाचं पेट्रोल घालून पिस्टन धरवतो, हे आम्हाला आवाजावरून कळतं. तरीही खाडीच्या पर्यटनावर कुठे बैठक झाली की खुर्च्यांवर हॉटेलवाले असतात, पॅकेजवाले असतात, आणि दुरुस्तीवाल्याला बोलवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हे आम्हीच लिहून ठेवतो आहोत.

सिंधुदुर्गाला 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्या सुमारास आम्ही दोघांनी शेड घातली. मी इंजिनाचा माणूस, भागीदार लाकडाचा. त्यांना सगळे मेस्त्रीच म्हणत, मीही. त्यांच्या पेटीत वाकस, रंधा, पटाश्या आणि हाताने फिरवायचं गिरमिट. वाकसाला धार लावायला बसले की गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी वर बघायचे नाहीत. होडीच्या दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठोकताना ते कान लावून ऐकत. ठोक्याचा आवाज बद्द येतो तोवर वात बसलेली नसते, टणक आला की थांबायचं, नाहीतर फळी फाटते. नंतर फायबर आलं, तसं रेझिन-हार्डनरचं काम पोरं शिकली. मेस्त्रींनी फायबरच्या मॅटला हात लावला तो नाक मुरडूनच, पण त्यांनी घासून काढलेल्या साच्यातून निघालेला तळ आजही पाण्यावर सरळ बसतो. मेस्त्री आता नाहीत. पेटी आहे, आणि ती विकायला नाही.

माझी हत्यारं साधी : प्लग पाना, फीलर गेज, फ्लायव्हील काढायचा पुलर आणि पाण्याचं पिंप. दुरुस्त केलेलं इंजिन पिंपात अर्धा तास चालवल्याशिवाय आम्ही परत देत नाही. काही जणांना ही कटकट वाटते.

मधली वर्षं बरी गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते नंतरचं. 2004 च्या त्सुनामीनंतर खाडीच्या मुखाशी वाळूचा पट्टा वर आला असं इथे सगळेच सांगतात, म्हणून त्याचं नाव त्सुनामी आयलंड. आधी तिथे चार माणसं होडीने जाऊन पाय बुडवून परत यायची. मग बनाना राइड, बंपर राइड, जेट स्की, खाण्याच्या टपऱ्या. 2015 साली तारकर्लीत एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबाची संस्था सुरू झाली आणि मुंबई-पुण्याची गर्दी दुणावली. आम्हाला काम मिळालं, ते नाकारत नाही. शेडला पत्र्याऐवजी कौलं आली ती त्याच पैशातून.

त्यानंतरच्या एका दिवाळीत बाहेरचा एक बोटवाला इथे उतरला. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. जेट स्की आणल्या, मोठ्या हॉर्सपॉवरची इंजिनं लावलेल्या बोटी आणल्या, आणि पहिला सीझन सगळी सर्व्हिसिंग आमच्याकडे टाकली, उधारीवर. दुसऱ्या सीझनला स्वतःची शेड काढली आणि आमची दोन पोरं जास्त पगारावर उचलली. पोरांचा राग नाही, त्यांना घरं चालवायची आहेत. राग पुढचा आहे. कंपनीच्या पार्टांच्या डब्यांत पाण्याच्या पंपाचे डुप्लिकेट इंपेलर, गिअरपेटीचं जुनं तेल थेट ओहोटीच्या पाण्यात, आणि दर आमच्या निम्म्याने. अशा दराशी स्पर्धा करायची तर मलाही तेल खाडीत ओतावं लागलं असतं.

खाडीचं काय होत होतं ते आम्हाला आधी दिसलं, कारण ते इंजिनातून दिसतं. पूर्वी पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर सीझनभर टिकायचा. उथळ पाण्यात वाळू उसवत बोटी फिरायला लागल्या तसा तो सीझनच्या मध्यावरच पाती घासून गुळगुळीत व्हायला लागला. पंख्यात कांडाळीचे तुकडे गुंडाळलेले निघत. ती कोणाची जाळी, हे पंखा सोडवताना दोऱ्याच्या रंगावरून ओळखता यायचं. गाठोडं करून ज्याचं त्याला दिलं की समोरचा आमच्याकडेच रागाने बघायचा, जणू पंखा आम्हीच फिरवला.

मग काठ. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. समुद्राच्या अंगाला दगडी बंधारे घालूनही भीती जात नाही. खाडीचं अंग शांत, असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललो. आता त्या बाजूलाही माडांची मुळं उघडी पडतात. पाऊस आणि पूर यांचा वाटा आहेच, सगळं बोटींच्या माथी मारायला मी काही अडाणी नाही. पण बोटीची लाट कशी काम करते ते धंद्यातल्या माणसाने तरी समजून घ्यावं. बोट अगदी हळू असते तेव्हा लाट लहान. पूर्ण वेग घेऊन पाण्यावर उचलली जाते तेव्हाही तुलनेने कमी. सगळ्यात वाईट तो मधला वेग, नाक वर आणि मागची बाजू पाण्यात रुतलेली. गर्दीत, वळणात, फोटोसाठी थ्रॉटल अर्धा ठेवून चालवतात तो नेमका हाच. आणि लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ताकद चौपट होते. कांदळाचं कोवळं रोप मुळं धरायच्या आत दिवसभर तिचा मार खात बसतं. गढूळ पाण्यात कालवं गुदमरतात. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरणाऱ्या बायकांनी तर मधली जागा केव्हाच सोडली, जेट स्की कुठून अंगावर येईल याचा नेम नाही.

हे सगळं मी ग्रामसभेत उभं राहून बोललो. मागणी फार नव्हती. कांदळवनाच्या कडेने आणि तिसऱ्यांच्या जागेजवळ पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांची रांग टाका, तिच्या आत सगळ्यांनी हळू चालवायचं. पेट्रोलात तेल मिसळून चालणारी टू-स्ट्रोक इंजिनं टप्प्याटप्प्याने काढा, कारण कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात घेतलेल्या पेट्रोलचा साधारण चौथा हिस्सा न जळताच एक्झॉस्टमधून पाण्यात जातो. सकाळी खाडीवर जो रंगीत तवंग दिसतो तो त्यातूनच. माझं बोलणं संपायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘इंजिनवालोच इंजिनाच्या विरोधात.’’ सगळे हसले. दोन दिवसांत गावभर झालं की मी पर्यटनाच्या मुळावर उठलो आहे.

त्या सीझनला शेडमध्ये पर्यटनाचं एकही इंजिन आलं नाही. ज्यांना रात्री-अपरात्री टॉर्च लावून इंजिन चालू करून दिलं होतं, ते रस्त्यात मान वळवून जायचे. त्या बोटवाल्याने निरोप फिरवला होता : आमच्याकडे दुरुस्ती केली तर त्याचं पॅकेजचं गिऱ्हाईक मिळणार नाही. बँकेचा हप्ता होता. वेल्डिंग मशीन विकलं. फायबरचा मोठा साचाही विकायला काढला होता, मेस्त्रींनी तो अडवला. ते त्या वेळी आजारी होते, तरी काठी टेकत येऊन साच्यावर बसून राहिले. घेणारा माणूस बघून परत गेला.

तेव्हा आले ते रापणीतले, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांतले, मामा. गावचेच, नात्याने कोणी नाही, पण सगळ्यांचे मामा. शेड घातल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. केरोसीनवर चालणारं जुनं इंजिन खांद्यावर घेऊन आले आणि बाकड्यावर ठेवलं. मी प्लग बघितला, दोरी ओढली, पहिल्या ओढीत चालू. मी म्हटलं, मामा, याला काय झालंय? म्हणाले, ‘‘हेका कायव झालेला नाय. तरी उघड.’’ उघडलं, साफ केलं, पैसे मोजून देऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुसरं इंजिन, बरोबर भाचा. मग भोगव्याकडून, मग निवतीकडून मच्छीमारांची इंजिनं यायला लागली. मच्छीमाराकडे सीझनला रोख कमी असते, हे आम्हाला ठाऊक होतं. काहींनी बांगडे दिले, काहींनी गणपतीनंतर दिले, पण बुडवले कोणी नाहीत. जून-जुलैची मासेमारी बंदी लागली तेव्हा आमच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

मामा मला खाडीवरून बोललेही. ‘‘कालवां खंय गेली ता कोण सांगतलो?’’ एवढंच. ग्रामसभेत ते माझ्या बाजूने बोलले नव्हते. त्यांचा नातू तेव्हा त्याच बोटवाल्याकडे कामाला होता. हे मी तेव्हाही समजून होतो.

लॉकडाऊन आणि पाठोपाठ मे 2021 चं तौक्ते वादळ सगळ्यांनीच सोसलं, आमची अर्धी कौलं गेली, त्यावर वेगळं काय लिहायचं. तो बोटवाला त्यानंतर फार टिकला नाही. बोटी विकून गेला. त्याच्या पहिल्या सीझनची उधारी आमच्या वहीत अजून आहे. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला, आणि तेव्हा कुठे लोक परवाना, माणसांची मर्यादा, लाइफ जॅकेट असं बोलायला लागले. मान वळवून जाणारे काही जण इंजिनाची तपासणी करून लेखी द्या म्हणून परत आले. दिली. दरात सूट दिली नाही.

आता विषय निघालाच आहे तर नव्या बोटवाल्यांसाठी थोडं, विचारलं नसलं तरी. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने इंजिन धुवा, पाच मिनिटं लागतात. गिअरपेटीचं तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी गेलंय, त्या दिवशी बोट लावूच नका. इंजिनाला गंजापासून वाचवणारा जस्ताचा तुकडा झिजला की बदला, तो झिजण्यासाठीच असतो. त्यावर रंग मारणारे महाभाग मी बघितलेत. तळ खरवडताना खाली ताडपत्री घाला, त्या रंगात तांबं असतं आणि भरतीला ते सगळं कालवांच्या खडकावर जाऊन बसतं. आणि फोर-स्ट्रोक घेताना महाग म्हणून रडू नका, पेट्रोलच्या पावत्या वर्षभर जपा आणि मग बोला.

बोयांची रांग अजून पडलेली नाही. अर्ज दिलेला आहे, पोच आहे, फाईलला लावलेली आहे. आमच्यापुरतं आम्ही ठरवलंय : कांदळवन दाखवायला नेणाऱ्या, वल्ह्यावर किंवा लहान इंजिनावर हळू चालणाऱ्या होड्यांचं काम आधी. जेट स्की आली तर तीही करतो, पण तेल आमच्या पिंपात काढायचं आणि चालवून बघायची ती मुखाकडच्या खोल पाण्यात. ज्याला पटत नाही त्याने कुडाळला न्यावी.

26 मे ते 31 ऑगस्ट खाडीतली प्रवासी वाहतूक बंद असते. पावसाळी कामासाठी बोटी त्याआधी आणा, टाकी रिकामी करून आणा. जुनी बाकी असलेल्यांनी रोख घेऊन या. वही मीच लिहितो.