सिमेंटचा टेम्पो

पावसाळा तोंडावर होता आणि नागपूरजवळच्या कामठी छावणीतल्या, आमची छोटी विश्वस्त संस्था सांभाळते त्या जुन्या कब्रस्तानात विटांच्या एका थडग्यात शिरलेला पिंपळ काढणं चाललं होतं. असा पिंपळ उपटायचा नसतो. मुळं सांध्यासांध्यांत फाकलेली असतात. वरून छाटायचा, बुंध्यात औषध भरायचं, मुळं वाळेपर्यंत थांबायचं आणि मग पोकळ्यांत चुना भरायचा. "ओढू नका रे, भिंतच येईन सोबत," मिस्त्री नव्या पोरांवर ओरडत होते.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो लागला. सिमेंटच्या गोण्या, वर ऑइलपेंटचे डबे. गावातलेच सत्तरीचे एक ठेकेदार, कुणी न मागता घेऊन आले होते. "भाऊ, साऱ्याले गिलावा मारा, पेंट करा. आपलं नाव तेवढं एका कोपऱ्यात."

इंग्रजांची ही छावणी १८२१ ची. इथल्या विटा चुन्यात बसवल्या आहेत. त्या पाणी पितात आणि उन्हात सोडतात. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुगतात, वीट भुगा होऊन गळते. कामठीच्या वालुकाश्मावरची अक्षरंही तशीच पापुद्र्यासारखी सुटतात. मी त्या ठेकेदारकाकांना शेजारच्या थडग्यापाशी नेलं. कुणीतरी असंच प्रेमाने सिमेंट थापलेलं. लेकराचं नाव गेलंय, '११ महिने' एवढंच उरलंय. काका वाकून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

मग देणगीच्या पावतीचं निघालं. ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकराची सवलत पैशाच्या देणगीला असते, वस्तूला नाही. रोखीतही २००० रुपयांपर्यंतच. त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे दात्याला हार घालतात, नियम समजावून सांगत नाहीत.

आम्हाला पैसा हवा तो कळीचा चुना मुरवायला, त्यात घालायच्या सुरखीला, म्हणजे विटांच्या भुकटीला, आणि बेलफळाला, आणि त्याहून जास्त गवत कापणाऱ्या बाईच्या आणि चौकीदाराच्या पगाराला. तो दरमहा लागतो, म्हणून कायम निधी हवा, ज्याच्या व्याजावर हे चालेल. लंडनची बॅक्सा ही संस्था १९७६ पासून दक्षिण आशियातल्या अशा कब्रस्तानांना मदत करते. पण परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं लागतं. छोट्या विश्वस्त संस्थेला ते झेपत नाही. शेवटी पैसा इथूनच उभा करायला हवा.

"गवत कापायले देणगी कोन देते, भाऊ?" काका म्हणाले. सिमेंट बाहेरच्या नव्या कुंपणभिंतीला चालेल, असं मी सुचवलं. ते न बोलता टेम्पो वळवून गेले.

नंतर त्यांचा निरोप आला: कायम निधीत रक्कम टाकतो, पण फाटकावर पाटी हवी. विश्वस्तांत दोन तट पडलेत. थडग्यावर कुणाचीही पाटी लावायला माझा विरोधच आहे. पण फाटक नवं आहे, लोखंडी आहे. पुढच्या बैठकीत मी पाटी लावा असंच म्हणणार आहे, फक्त तिच्यावर 'गवत आणि चौकीदारासाठी' हे शब्द हवेत.