तुम्ही विचारलंत म्हणून: साड्या शेवटच्या दालनात का?

विदर्भातल्या कोसा रेशमावरच्या संग्रहालयाचा आराखडा मी करते आहे हे कळलं, की अधिकारी, पाहुणे, घरचे, सगळे हेच विचारतात. लोक साड्या बघायलाच येणार, मग त्या दारातच का नाहीत?

करवत काठी साडी पुढ्यात आली की नजर तिथून हलत नाही. अंग कोसा रेशमाचं, काठावर करवतीचे दाते, आणि मागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे: दोन काठांना, एक अंगाला. हे सगळं आधीच पाहिलेला माणूस पुढच्या दालनांतून भराभर चालत सुटतो. मला त्याला आधी झाडाखाली उभं करायचं आहे.

तुतीच्या रेशमाची अळी घरात, तोडून आणलेल्या पाल्यावर वाढते. कोशाची अळी वाढते ऐनाच्या नि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात. भंडारा-गडचिरोलीकडची ढिवर समाजातली कुटुंबं महिना-दीड महिना या झाडांची राखण करतात. पक्षी अळ्या टिपतात, मुंग्या नि गांधीलमाश्या तुटून पडतात, पाऊस तर असतोच. एका झाडाचा पाला संपला की अळ्या उचलून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. कोसा करताना अळी आधी फांदीभोवती रेशमाचं कडं घालते, त्याला देठ काढते आणि मग त्या देठाला लटकलेलं टणक घर विणते. इतकी सुंदर बांधणी मी दुसरी पाहिलेली नाही. काचेच्या पेटीतल्या सुट्या कोशावरून ती कळत नाही, फांदीसकटच बघावी लागते.

जपानमधल्या तोमिओकाची रेशीम गिरणी १८७२ साली सुरू झाली आणि १९८७ साली बंद पडली. मालकांनी इमारती आणि यंत्रं जपली, म्हणून तिथे गिरणी हेच संग्रहालय झालं. कोशाला अशी गिरणी नव्हती. चूल, सोडा घातलेलं उकळतं पाणी, ओसरी आणि बाईची मांडी, एवढाच कारखाना. ओले कोसे उलगडून धागा उघड्या मांडीवर वळायचा. त्यात कातडी सोलवटते. या कामाचे देखणे फोटो लावून त्याला ‘प्राचीन कला’ म्हणायला माझा ठाम विरोध आहे. मांडीवरचं काम सुटावं म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ हे धागा काढायचं यंत्र पुढे आणलं. ते धाग्याच्या दालनात, चालू स्थितीत असेल आणि त्यावर काम करणारी बाई स्वतः बोलेल.

अखंड धाग्यासाठी कोशातला जीव मारावा लागतो. तेही त्याच दालनात लिहिलेलं असेल, मुलांना वाचता येईल एवढ्या अक्षरात. पाखरू बाहेर पडलेल्या कोशांपासून घिचा सूत निघतं. त्याचा खरबरीत तागा हाताळायला ठेवणार आहे.

इतकं पाहून माणूस साडीपाशी पोचला, की तो किंमत विचारण्याआधी जरा थांबेल असं मला वाटतं. ढिवरांचा वाटा किती, हा प्रश्नही तिथेच पडावा. म्हणून त्या भिंतीवर साडीच्या किमतीची फोड लावायची आहे: अळी राखणाऱ्याला किती, धागा काढणारीला किती, विणणाऱ्या कोष्ट्याला किती, दुकानाला किती. ही फोड नको, असं सांगणारे भेटले. ती राहणार.

राहिली इमारत. अर्जुनाची रोपं अळ्या सोडण्याजोगी व्हायला तीन-चार वर्षं घेतात. तेव्हा बांधकामाची निविदा नंतर, आधी या पावसाळ्यात लागवड.