बडोद्यात फ्लॅट, हातात पुण्याची यादी

बडोद्यात घर घ्यायचं ठरलं की पुण्याचा मामा नाहीतर मेहुणा कागदांची यादी पाठवतो: सातबारा, एनए (बिगरशेती परवानगी), ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा). यादी चुकीची नाही, इथे अपुरी पडते. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा 2016 चा रेरा कायदा सगळीकडे तोच. नोंदणीकृत कराराआधी बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, हे दोन्हीकडे सारखं. जमीन मात्र राज्याचा विषय. 1960 पर्यंत दोन्हीकडे मुंबई राज्यच होतं, म्हणून सातबारा इथेही आहे, आणि फसगत नेमकी तिथेच होते.

शहराभोवतालचा बराच पट्टा 1976 च्या गुजरात नगररचना कायद्याखालच्या टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीममध्ये येतो. जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागांसाठी साधारण 40 टक्क्यांपर्यंत कापायचं, उरलेलं नीट आखून मालकांना परत द्यायचं. जुना तुकडा ओपी (ओरिजिनल प्लॉट), नवा एफपी (फायनल प्लॉट). सातबाऱ्यावर 10,000 चौरस मीटर आणि एफपी 6,000 चा, असं सर्रास दिसतं. कधी जागाही सरकलेली असते. म्हणून सर्व्हे नंबरावर थांबू नका, स्कीमचा फॉर्म एफ हा तक्ता मागा. ओपी, एफपी, दोन्हींची क्षेत्रफळं त्यात शेजारी-शेजारी असतात. स्कीम ड्राफ्ट अवस्थेत असेल तर एफपीची हद्द अजून हलू शकते. स्कीमच्या खर्चापोटी प्लॉटमागे भरायचा वाटाही त्याच तक्त्यात. बिल्डरने तो थकवला तर बोजा जमिनीवर, म्हणजे पुढे सोसायटीवर.

पैशाचं गणितही वेगळं. पुण्यात करारालाच पूर्ण मुद्रांक शुल्क भरावं लागतं. इथे ताबा न देता केलेल्या बानाखताला (विक्रीच्या कराराला) ते लागत नाही, 4.9 टक्के दस्तावेजाच्या (खरेदीखताच्या) वेळी, जंत्री (सरकारी दर) किंवा किंमत यांतल्या जास्तीवर. वर 1 टक्का नोंदणी फी, खरेदीदार फक्त स्त्री असेल तर तीही माफ. ही रक्कम ताब्याच्या सुमाराला लागते. बुकिंगला स्वस्त पडलं म्हणून फर्निचरवर उडवणारे बरेच.

ओसीला इथे बीयू (बिल्डिंग यूज परवानगी) म्हणतात, रेडी रेकनर म्हणजे जंत्री. एवढं कळलं की भाषांतर पुरतं.

अशांत धाऱ्याचं मात्र भाषांतर नाही. 1991 च्या या कायद्याखाली ‘अशांत’ म्हणून जाहीर झालेल्या भागात कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय केलेली विक्री रद्दबातल ठरते. जुन्या शहरात रिसेल घेताना बयाणा द्यायच्या आधी तो पत्ता या भागात येतो का, ते कलेक्टर कचेरीत विचारा. येत असेल तर परवानगीला लागणारा वेळ धरूनच बानाखतात दस्तावेजाची मुदत लिहा.