एक वाव, एक हात

मार्चमधली गोष्ट. लिहू लिहू म्हणत राहून गेली.

स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनमधल्या एका गॅरेजमध्ये मी दोन्ही हात पसरून उभी होते आणि आमच्या कयाक क्लबातले (कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) सत्तरीतले एक गृहस्थ लाकडाची लांब पट्टी माझ्या हातांमागे धरून खुणा करत होते. डाव्या हाताच्या मधल्या बोटापासून उजव्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत एक माप. मग म्हणाले, कोपर वाकव. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दुसरं माप. दोन्ही खुणा जोडून त्यांनी पट्टी माझ्यासमोर उभी केली आणि म्हणाले, "एवढं तुझं वल्हं. ग्रीनलंडमध्ये असंच मोजतात."

माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं मला थंडी वाजतेय, म्हणून त्यांनी हीटर माझ्याकडे सरकवला.

पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर म्हणजे वाव. कोपरापासून बोटांपर्यंत म्हणजे हात. मालवणात आबांचं दोर-जाळ्यांचं दुकान होतं, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. लहानपणी माझा दिवस त्या दुकानात जायचा. दोर वावावर विकला जायचा. आबा दोर छातीवरून ताणून दोन्ही हात पसरायचे, एक वाव. पुन्हा पसरायचे, दोन वाव. काका आबांपेक्षा चांगले वीतभर उंच, त्यामुळे जुनी गिऱ्हाइकं मुद्दाम म्हणायची, "मापाक धाकट्याक बोलवा." आबांना ते कळायचं, तरी ते काकांना हाक मारायचे. रापणकर, म्हणजे रापणीचं मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, पाण्याची खोली सांगायचे तीही वावातच. हे शब्द मी गेली कित्येक वर्षं उच्चारले नव्हते. ते मला डॉन नदीपासून दहा मिनिटांवरच्या एका गॅरेजात परत मिळतील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आता मूळ दुखणं सांगते, कारण त्याशिवाय त्या पट्टीचं मोल कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मी सी कयाकिंग, म्हणजे समुद्रात कयाक वल्हवणं, सुरू केलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, बोट क्लबाची मिळेल, वल्हं मात्र स्वतःचं घे. सल्ला शंभर टक्के खरा आहे. दिवसभरात वल्हं हजारो वेळा पाण्यात जातं आणि बाहेर येतं, त्यामुळे त्यातला शंभर ग्रॅमचा फरक संध्याकाळी खांद्याला कळतो. मी एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने माझ्याकडे एकदा नजर टाकली आणि फायबरग्लासचं, रुंद पात्याचं, २२० सेंटिमीटर लांबीचं वल्हं हातात दिलं. "सगळे हेच नेतात." माझी उंची १५५ सेंटिमीटर. त्याने ना माझी उंची विचारली, ना मी कुठल्या रुंदीच्या बोटीत बसते ते, ना वल्हं उभं धरून मारते की आडवं, ते. २२० पौंड दिले. आईने फोनवर हिशेब केला आणि म्हणाली, "येवढ्या पैशात हय होडी येतली गो!"

सहा आठवड्यांत उजवं मनगट सुजलं. अंगठ्याच्या मुळापासून वर कळ जायची, पोळ्या लाटता येईनात. मला वाटलं आपली ताकद कमी पडतेय. क्लबातल्या एका बाईने माझं वल्हं हातात घेतलं आणि तीन चुका दाखवल्या. पहिली, दांड्याची जाडी. माझी बोटं त्याभोवती पुरती मिटत नव्हती, म्हणून मी ते घट्ट आवळून धरत होते. लहान हातांसाठी बारीक दांड्याची वल्ही वेगळी मिळतात, हे दुकानात कुणी बोललंच नव्हतं. दुसरी, पात्यांमधला कोन. दोन्हीकडची पाती एका रेषेत न ठेवता एकमेकांशी कोन करून लावतात, म्हणजे वर आलेलं पातं वाऱ्याला आडवं जात नाही. माझं साठ अंशांवर लावून दिलं होतं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला उजवं मनगट पिळत होतं. तिसरी चूक लांबी. अरुंद सी कयाकमध्ये बुटक्या माणसाने वल्हं उभं धरून मारायचं तर २०५ ते २१० सेंटिमीटर पुरे होतं, आणि माझं पातं बोटीपासून लांब पडून दर वेळी नाक वळवत होतं. म्हणजे मी अर्धी शक्ती बोट सरळ ठेवण्यात घालवत होते.

मला अजून राग येतो. पैशांचा नाही. मुंबईत साधा ब्लाउज शिवायला टाकला तरी शिंपी सोळा मापं घेतो, आणि जिच्यावर समुद्रात जीव अवलंबून आहे ती वस्तू इथे उंची न विचारता विकतात! बायकांच्या मापाचं सामान इथेही शोधावंच लागतं. बोटीसुद्धा बहुतेक ऐंशी-नव्वद किलोच्या पुरुषाला धरून बांधलेल्या. माझ्यासारखी त्यात बसली की बोट पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला पानासारखी फिरवतो. मी बैठकीच्या दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे कापून चिकटवले आणि मागच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरते, तेव्हा ती ऐकते.

बाकीच्या सामानाबद्दल मात्र मी इथल्या लोकांपुढे हात जोडते. ॲबर्डीनजवळ उत्तर समुद्राचं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा-सात अंश असतं, ऑगस्टमध्ये फार तर तेरा-चौदा. अशा पाण्यात पडताक्षणी श्वास अडकतो, माणूस नकळत तोंड उघडून हवा ओढतो, आणि त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. म्हणून कपडे हवेकडे बघून घालायचे नाहीत, पाण्याकडे बघून घालायचे. कडक उन्हातसुद्धा ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा अंगभर पोशाख. मानेला आणि मनगटांना लॅटेक्सच्या पट्ट्या, आत लोकरीचे कपडे. वर बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारं जाकीट, पन्नास न्यूटनची. ती तरंगवते, पण बेशुद्ध माणसाचं तोंड आकाशाकडे वळवत नाही. त्यासाठी मोठं लाइफजॅकेट लागतं, आणि ते घालून वल्हवणं अवघड. म्हणून एकटीने जायचं नाही. निघण्यापूर्वी शेजारची व्यक्ती तुमच्या कमरेवरच्या स्प्रेडेकचा (बोटीचं तोंड झाकून पाणी अडवणाऱ्या कापडाचा) ओढून सोडवायचा लूप बाहेर आहे की नाही ते हाताने ओढून बघते. तो लूप आत राहिला आणि बोट उलटली तर डोकं खाली अशा अवस्थेत बाहेर पडणं कठीण. माझी पहिली उलटायची परीक्षा स्टोनहेवनच्या बंदरात झाली. हिरवं पाणी, नाकात मीठ, हाताला लूप लागला, ओढला, बाहेर आले. किनाऱ्यावर कुणीतरी आल्याचा चहा दिला. त्या चहाची चव मी विसरणार नाही.

याच बंदरात एकाने मला विचारलं, तुमच्याकडचे कोळी जॅकेट घालतात का? मी म्हटलं, नाही. त्याच्या भुवया वर गेल्या आणि मी चिडले. आमच्याकडे पाणी अठ्ठावीस अंश असतं हो! आमचा माणूस लाटेचा रंग बघून वारा ओळखतो, उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, त्याच्या अंगात असतात, भरती-ओहोटीचे तक्ते बघावे लागत नाहीत. मी तावातावाने बोलले आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण रात्री झोप लागेना. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली आणि दोन माणसं गेली. तेव्हाही पाणी गरमच होतं. लूप तपासणारा तो हात आमच्या किनाऱ्यावरही यायला हवा, आणि हे मी मालवणची म्हणून म्हणते, स्कॉटलंडची म्हणून नाही.

तुम्ही विचाराल, समुद्र दारात होता तेव्हा कुठे होतीस? खरं उत्तर असं की आमच्या घरातल्या मुलींनी समुद्र बघायचा असे, त्यात जायचं नसे. दोर विकणाऱ्या घरात दोराच्या दुसऱ्या टोकाला काय बांधतात ते मला कुणी दाखवलं नाही. चाळिशीत, परक्या देशात, पहिल्यांदा वल्हं हातात आलं. याला कुणी माहेरच्या समुद्राशी बेइमानी म्हणत असेल तर म्हणो. मी माझ्यापुरतं असं धरते की मी त्याच समुद्रात उतरले आहे, फक्त उशिरा आणि वरच्या अंगाने.

मनगटाची गोष्ट क्लबात सगळ्यांना कळली आणि सुरुवातीला सांगितलेल्या त्या सत्तरीतल्या सुतारकाकांनी (मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणते, तोंडाने नुसतं नाव घ्यायला अजून जीभ वळत नाही) गॅरेजला बोलावलं. स्कॉटलंडचं आणि ग्रीनलंडचं नातं जुनं आहे. केन टेलर नावाचा इथला तरुण १९५९ साली पश्चिम ग्रीनलंडमधल्या एका छोट्या गावात राहिला आणि तिथल्या इमॅन्युएल कॉर्नेलिउसेन यांनी बांधलेली कयाक घेऊन परतला. आज ब्रिटनमध्ये दिसणाऱ्या कित्येक सी कयाक त्या एका बोटीच्या वंशातल्या. त्याच्याही आधीची एक कयाक ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात आहे. १७६० सालच्या एका पाद्र्याच्या रोजनिशीत तिच्याबद्दल लिहिलंय: बत्तीस वर्षांपूर्वी डॉन नदीत एक माणूस या बोटीतून वाहत आला, तो बोलत होता ती भाषा इथल्या कुणालाच कळली नाही, आणि तीन दिवसांत तो गेला. काकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा रंधा थांबला होता. ॲबर्डीनमधले माझे पहिले तीन दिवस मला आठवले. मला इंग्रजी येत होतं, तरी इथली डोरिक बोली कानावर पडली की नुसता नाद यायचा. तो माणूस कुणाला हाका मारत असेल?

वल्ह्याला चार शनिवार लागले. वेस्टर्न रेड सीडरची एक फळी, गाठी नसलेली, रेषा सरळ. लांबी माझी वाव अधिक हात, म्हणजे १५५ अधिक ४१, एकूण १९६ सेंटिमीटर. मधला दांडा माझ्या खांद्यांएवढा. पात्याची रुंदी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत कड धरता येईल एवढीच, जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. दुकानातल्या पात्याच्या निम्म्याहून कमी. काकांनी मोठा रंधा स्वतः चालवला, शेवटचा दोन मुठींचा छोटा रंधा माझ्या हातात दिला. डोळे मिटून पात्यावरून बोट फिरवायचं, जिथे उंचवटा लागेल तिथली साल काढायची. पातळ, कुरळी, तांबूस सालपटं पायाशी पडायची आणि गॅरेजभर पेन्सिलीच्या टोकासारखा वास. शेवटी अळशीचं तेल, तीन हात. मी पैसे विचारले तर त्यांनी फळीची पावती दाखवली, तेवढेच घेतले.

हे वल्हं पाण्याला भांडत नाही. रुंद पातं पहिल्याच क्षणी पाणी पकडतं आणि झटका सांध्यात येतो. याचं लांब, अरुंद पातं हळूहळू रुजतं. वरची कड थोडी पुढे झुकवून धरावी लागते, नाहीतर ते पाण्यात थरथरतं. पहिले दोन दिवस ते जमेना. फुटत्या लाटांमधून झटकन निसटायचं असेल तर रुंद पातंच बरं, हेही मान्य करते. म्हणून जुनं वल्हं मधून सोडवून, दोन भागांत, बोटीच्या पुढच्या डेकवर राखीव बांधलेलं असतं. पण मैलोन्‌मैल जायचं असेल तर मला हेच. वारा पकडत नाही, कार्बन फायबरच्या वल्ह्यासारखं हाताला गार लागत नाही, आणि आवाज करत नाही.

मेच्या अखेरीस क्रॉटनपासून डनॉटर किल्ल्याकडे गेलो. फाउल्सह्यूच्या कड्यावर त्या दिवसांत समुद्रपक्ष्यांची वस्ती भरलेली असते, गिलेमॉट आणि किटिवेक हजारोंनी, कपारीत खांद्याला खांदा लावून. आम्ही लांबूनच जात होतो, पक्ष्यांना उडवायचं नाही हा नियम. समुद्रावरून धुकं आलं, इथे त्याला हार म्हणतात, आणि कडा दिसेनासा झाला. फक्त पक्ष्यांचा कालवा आणि माझ्या वल्ह्यावरून ओघळणारे थेंब. सहा तास झाले होते. मनगट गप्प होतं.

घरी येऊन आईला फोन लावला, वल्हं कॅमेऱ्यासमोर उभं धरलं. तिने बारकाईने बघितलं.

"दोनय बाजूंक पातां? आणि लांबी किती?"

"एक वाव, एक हात."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग आबांच्या दुकानातलं कुणीही पहिल्यांदा विचारेल तेच तिने विचारलं.

"वाव कोणाचो?"

"माझो," मी म्हटलं.