"जागा कुठली?"

आज संध्याकाळी लष्कर भागातल्या घरी भाचा आला होता. तासाभरात त्याने सहा रॅपरना 'गोट' ठरवलं. गोट म्हणजे आजवरचा सर्वश्रेष्ठ. सहाही जण एकदम कसे, असं मी विचारणार तेवढ्यात आबा म्हणाले, "बाळा, आवडलेली एक जागा ऐकव."

जागा म्हणजे गाण्यातला दाद द्यावी असा नेमका क्षण. भाच्याला सुचेना. आबा ग्वाल्हेर घराण्याचं गाणं ऐकत वाढले. दाद दिली तर ती कशाला दिली, हे सांगता यायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं.

मग मी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवला आणि रकीम या अमेरिकन रॅपरचा १९८७ मधला रॅप लावला. तोवर यमक बहुतेक ओळीच्या शेवटी पडायचं. रकीमने ते ओळीच्या पोटात पेरलं, वाक्य पुढच्या ओळीत वाहू दिलं. स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा, जॅझचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ऐकायचा. ते त्याच्या लयीत उतरलंय. आबांना ते इंग्रजी कळत नव्हतं, पण बोटांवर मात्रा मोजणं चालू होतं. एके ठिकाणी बोट थबकलं. "हा समेवर न थांबता पुढे गेला बघ! परत लाव."

चार वेळा लावलं.

अल्बम आला त्याच दिवशी 'लेजंड', 'क्लासिक' म्हणून मोकळे होतात लोक, याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्यांनी भाषा वळवली, त्यांच्यासाठी मग कुठला शब्द उरतो?

निघताना भाचा जिन्यात तीच ओळ पुटपुटत होता, मांडीवर ठेका धरून.